खडपवाडीला चढणारी गाडी

“आणि तीन चाकं घसरली तर?” सुभेदारांनी विचारलं.

“तरी या नव्या गाड्या चढतील,” निरंजन बापट म्हणाला. “एक चाक जमीन धरून असलं की पुरे.”

सुभेदार सावळाराम उतेकर सव्वीस वर्षं फौजेत गाडी चालवून गावी परतले होते. घाटाच्या पायथ्याशी, घरामागच्या चढावर ते ड्रायव्हर लोकांना निसरड्यावर गाडी चालवायला शिकवत. शाळा कसली, एक चढ, एक जुनी जीप आणि केळीची सोपटं. घड उतरवला की केळीचा बुंधा तोडायचा, त्याचे थर सोलायचे, ओले करायचे आणि गुळगुळीत बाजू वर करून चाकांखाली अंथरायचे. आम्ही चौघे तेव्हा त्यांच्याकडे शिकत होतो. चौघांचीही अक्कल त्या सोपटांवर पहिल्याच दिवशी घसरली होती.

बापट पुण्याहून आला होता. इंजिनियर. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या बनवण्यात त्याची पंधरा वर्षं गेलेली. बरोबर दोन नव्या गाड्या आणल्या होत्या. माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्रश्नाच्या आधी उत्तर यायचं.

काम मात्र खरं होतं. वर खडपवाडीला एका संस्थेचा फिरता दवाखाना दर बुधवारी जायचा. गेल्या श्रावणात दवाखान्याची गाडी घसरून ओढ्यात गेली आणि नर्स पार्टेबाईंचं मांडीचं हाड मोडलं. वर्ष झालं, बाई अजून कुबडी घेऊन चालत होत्या. ती गाडी बापटनेच निवडून दिली होती, आणि आता संस्थेने पुन्हा त्यालाच विचारलं होतं.

या खेपेला चुकायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. निसरड्यावर कोणती यंत्रणा सगळ्यात भरवशाची, ते सुभेदारांच्या चढावर पाहावं म्हणून तो आला होता.

सुभेदारांनी मान डोलावली आणि आम्हाला सोपटं आणायला पिटाळलं.

आधी पुढच्या दोन चाकांखाली घातली.

पहिली गाडी एरवी पुढच्याच चाकांवर चालणारी. पुढची चाकं जागच्या जागी फिरली, मग मधल्या क्लचने मागे ताकद धाडली आणि गाडीने हिसका देऊन चढ घेतला. दुसरी विजेची. पुढे एक मोटर, मागे एक. ती हलली कधी तेच कळलं नाही. मग आमची जीप. दांडा ओढला की तिची पुढची आणि मागची चाकं एकाच कामाला जुंपली जातात. तीही गुरगुरत वर गेली. आम्हाला बरं वाटलं.

मग तीन चाकांखाली घातली.

जीप बसली. सगळी ताकद घसरणाऱ्या चाकांनी उधळली आणि चौथं नुसतं बघत राहिलं. पहिल्या गाडीने घसरणाऱ्या चाकांना आपणहून ब्रेक लावला, उरलेल्या एका चाकाकडे ताकद वळवली आणि कण्हतकुथत का होईना, वर पोचली. विजेची सरळ गेली.

प्रत्येक वेळी काय होणार ते बापटने आधी सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी तसंच झालं. माणसाचा राग यावा इतकं तो बरोबर बोलत होता.

“चारही घसरली तर?”

“मग कुठलीच चढणार नाही.”

“विजेचीसुद्धा?”

“यंत्रणा ताकद वाटते, सुभेदार. पकड ती तयार करत नाही. पकड टायर आणि जमीन यांच्यातली. तिथं काहीच नसेल तर वाटणार काय?”

सुभेदार त्याच्याकडे पाहत राहिले. उत्तर चांगलं होतं. मला वाटलं, आता पाठ थोपटणार.

“मागे ओढ्यात गेली ती यातली कुठल्या जातीची?”

पहिलीच्या जातीची, बापट म्हणाला. म्हणून तर त्याचं मन विजेच्या गाडीवर बसलं होतं. ओढ्यात गेली तिच्या मागच्या चाकांना ताकद पोचायला अर्धा क्षण लागायचा, तो अर्धा क्षण नडला असणार, असा त्याचा तर्क. कागदावर आकडे मांडून आणले होते. “त्या अर्ध्या क्षणाने वर्षभर मला धड झोपू दिलं नाही,” असंही तो बोलून गेला, आणि मग उगाच टायरकडे बघू लागला.

“चढताना घसरली की उतरताना?”

...

बापटने आकड्यांचा कागद उलटसुलट करून पाहिला.

वर्षभर आकडेमोड केली होती गड्याने, पण एवढं एक विचारायचं राहून गेलं होतं. ज्याचा सगळा जन्म गाड्या चढवण्यात गेला, त्याला गाडी चढतानाच पडली असणार असं वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं.

त्याने तिथूनच दगडू सकपाळला फोन लावला. दगडू त्या गाडीचा ड्रायव्हर. बोलणं लांबलं नाही. फोन खिशात ठेवताना त्याला खिसा सापडेना.

“उतरताना,” तो म्हणाला. “ब्रेक लावला होता. गाडी जातच राहिली.”

सुभेदारांनी आम्हाला चढाच्या मध्यावर, आडवा पट्टा भरून सोपटं पसरायला लावली. खाली भाताच्या पेंढ्याची उंच रास कायम असायची. तिच्यात आम्ही प्रत्येकाने केव्हा ना केव्हा तोंड खुपसलं होतं.

बापट विजेची गाडी घेऊन वरून निघाला, माणूस चालेल इतक्याच वेगाने. सोपटांवर येताच त्याने ब्रेक दाबला. गाडी तशीच आवाज न करता वाहत आली आणि पेंढ्यात शिरली.

मग त्याला जीप दिली. जीपही पेंढ्यात. दोन्ही जिथं थांबल्या त्यात वीतभराचाही फरक नव्हता.

कोणी हसलं नाही. बापट अंगावरचा पेंढा न झटकताच पुन्हा वर चढला, उकिडवा बसला आणि सोपटावर तळवा फिरवून पाहू लागला. इतका वेळ तो आम्हाला दाखवत होता. आता पहिल्यांदाच स्वतः बघत होता, आणि मला तो एकदम आवडला.

सुभेदार त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले.

“ओढ्यात गेली तिच्या आधी कुठली गाडी होती दवाखान्याला?”

“साधी व्हॅन. ताकद मागच्या दोनच चाकांना. बारा वर्षं चालली.”

“बारा वर्षांत किती वेळा घसरली?”

“एकदाही नाही,” बापट म्हणाला. “पावसाळ्यात ती वर जायचीच नाही. पहिल्या वळणावर चाकं जागच्या जागी फिरायला लागायची. मग दगडू तिथंच उभी करायचा आणि पार्टेबाई औषधांची पेटी घेऊन चालत...”



...

वरून पाण्याची एक बारीक धार सोपटांखालून वाट काढत खाली येत होती. आम्ही सगळे तिच्याकडेच बघत होतो, कारण बापटकडे बघवत नव्हतं.

“मी त्यांना चढून जाणारी गाडी दिली,” तो हळूच म्हणाला.

सुभेदारांनी त्याला हात देऊन उठवलं.

“मग काय करू, सुभेदार? पुन्हा जुनी व्हॅन देऊ? बाईंना आता पेटी घेऊन चालवणार नाही. आणि वाडीतली माणसं बुधवारी वाट बघतात.”

“छे. विजेचीच द्या,” सुभेदार म्हणाले. “चांगली गाडी आहे. फक्त पहिल्या वळणावर ‘बास’ म्हणायचं जुन्या व्हॅनचं काम आता कोण करणार, तेवढं सांगा.”