मिठाच्या वाटीतला सोडा

डब्यातले जिन्नस आपसांत बोलत, त्या काळची ही गोष्ट. सगुणाच्या मिसळणाच्या डब्यात एक हळद राहायची. कालच्या भाजीत आपण जरा जास्तच पडलो की काय, या काळजीनं तिला झोप नसे.

एका सकाळी सगुणानं घाईघाईत मिठाच्या वाटीत धुण्याचा सोडा भरला. चुलीवर तिच्या लेकीचा मऊ भात रटरटत होता.

"तू मीठ नाहीस," हळद सोड्याला म्हणाली.

"पांढरा आहे, मिठाच्या वाटीत आहे. आणखी काय हवं?"

"हिला सगळ्यांचाच संशय!" मोहरी तडतडली. "काल बिचाऱ्या जिऱ्याचा आला होता."

ते खरंच होतं. हळद वरमली. पण हा सोडा भातात पडला, तर पोरीचं तोंड पोळणार होतं. चुकले तर हसतील, हसू देत, असं म्हणत वाफेनं ओलसर झालेली हळद सोड्याच्या वाटीत जाऊन पडली. बघता बघता ती लालभडक झाली.

"अगं बाई!" मोहरी दचकली. "मिठानं हळद लाल होत नाही. हा सोडाच!"

शेजारच्या फळीवरून लिंबू कळवळून म्हणालं, "हळदबाई, माझ्या आंबट रसाचे दोन थेंब घे. पुन्हा पिवळी होशील."

"आत्ता नको, दादा," हळद म्हणाली. "आधी तिला दिसू दे."

झाकण उघडलं. मिठाकडे निघालेली सगुणाची बोटं तो लाल रंग पाहून जागीच थांबली.