सालवतीचा गहू

पूर्वी वेत्रवती नगरीच्या गादीवर उग्रतेज राजा असताना बोधिसत्त्व जवळच्याच एका खेड्यात शेतकऱ्याच्या पोटी जन्मला होता. त्याचे नाव भद्रसेन. त्याची आई उत्पला लग्नात माहेरच्या गव्हाचे बी पदरात बांधून आली होती. पुढे तिचे माहेर, सालवती गाव, पुरात वाहून गेले. आई, बाप, अंगण, काही उरले नाही. उरला तो गहू. त्याची पोळी तव्यावर फुगली की म्हाताऱ्या उत्पलेला वाटे, आई इथेच चुलीशी बसली आहे.

त्या गव्हात दर माघात काही ओंब्या काळ्या निघत. दाण्याच्या जागी नुसती काजळासारखी भुकटी. सालवतीची माणसे म्हणत, ही शेताची तीट. पिकाला दृष्ट लागू नये म्हणून देवाने लावलेली, तिला हात लावायचा नाही. उत्पलाही कोणाला ती उपटू देत नसे. तीट दरवर्षी वाढत गेली, गाल सोडून सगळे तोंडच काळे व्हायची वेळ आली, तरी म्हातारी ऐकेना.

एका चैत्रात राजाचा कोठारी दारात आला.

"माते, तुमचा गहू राजाने चाखला. यंदा राज्यभर हेच बी पेरायचे. नाव सालवतीच राहील. तुमच्या मुलाला एक गाव दान मिळेल."

उत्पलेचे डोळे भरून आले. बुडालेले गाव आता घरोघरी बोलले जाणार होते. पण भद्रसेनाने हात जोडले.

"हे बी देता येणार नाही. ते रोगट आहे."

कोठाऱ्याने मूठभर दाणे उन्हात धरले. "रोगट? अरे, मोत्यासारखा दाणा आहे!"

"रोग त्याच्या पोटात आहे. फुलोऱ्यात वारा ती काळी भुकटी चांगल्या ओंब्यांवर नेतो. दाणा टपोरा भरतो, पण तो पेरला की काळी ओंबी येते. आज आमच्या शेतात आहे, उद्या राज्यभर होईल."

कोठारी रागाने निघून गेला. उत्पला म्हणाली, "माझ्या माहेराला रोगट म्हणालास!" आणि तिने लेकाशी बोलणे टाकले.

वैशाखात ती ओसरीवरून पाहत राही. भद्रसेन सकाळी बी पाण्यात भिजत घाली आणि दुपारच्या रणरणत्या उन्हात तापल्या खडकावर पसरी. "आता भाजूनच टाक एकदाचे," ती भिंतीला सांगे. काही दाणे मेलेच. उरलेले त्याने कार्तिकात दूरच्या वावरात पेरले. तिथे काळी ओंबी दिसली की तो ती ओल्या फडक्यात गुंडाळून कापी आणि जाळून टाकी. अशी दोन वर्षे गेली.

तिसऱ्या माघात उत्पला काठी टेकत वावरात गेली आणि बांधाबांधाने सगळे शेत फिरली. काळी ओंबी एकही नव्हती. तिने एक हिरवी ओंबी तळहातावर चोळून कोवळा दाणा तोंडात टाकला. तीच गोडी. म्हातारी बांधावर बसून रडली.

"माझ्या बापाला हे कुणी सांगायला हवं होतं रे," ती म्हणाली. मग डोळ्यातले काजळ बोटावर घेऊन तिने लेकाच्या गालाला लावले. "तीट शेताला नको. तुला हवी."

पुढे जो मागेल त्याला भद्रसेन ते बी देई, उन्हाची रीतही शिकवी. गहू कुठला, असे कोणी विचारले की म्हातारी आधी पुढे होई. "सालवतीचा!"

पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तो कोठारी म्हणजे आज संघाच्या कोठारासाठी वरवर पाहून धान्य स्वीकारणारा आपला भिक्खू शीघ्रक. मागे बसलेली वृद्ध भिक्खुणी खेमदा अजूनही माहेर आठवून हसते, उत्पला तीच. आणि भद्रसेन मी होतो. जे जिवापाड जपले, त्यातलाही दोष झाकला नाही, ही त्या जन्मातली सत्यपारमिता."