टेकाडावरची मर्यादवेल

शिरोबंदर नावाच्या कोळीवस्तीत दर्यानाथ महाराजांचा मुक्काम होता, मंडळी, तेव्हाची ही हकिकत.

तिथल्या वाळूत मर्यादवेल माजलेली असे. जांभळी फुलं, आपट्यासारखी पानं. आवडू नावाची एक गरीब बाई ती पानं शेकून लोकांच्या सुजल्या गुडघ्यांवर बांधी. पाण्यात तरंगणारा थुलथुलीत, विषारी झार कुणाला डसला, तर पानांचा रस लावी आणि महाराजांचं नाव घेई.

तिची स्वतःची तान्ही लेक तापाने गेली होती. वाळूच्या टेकाडात तिला पुरली, त्यावरही हीच वेल पसरली. वेलीने वाळू धरून ठेवली म्हणून भरतीने ती जागा कधी उघडी पाडली नाही. तिथलं पान मात्र आवडूने कधी खुडलं नाही.

रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, मालक भिवा तांडेल तिला हसायचा. "स्वतःची पोर वाचवता आली नाही, आणि निघाली गावाला औषध द्यायला!" जाळी वाळवायला अडचण होते म्हणून त्याने सगळी वेल उपटून जाळली. टेकाडावरचीसुद्धा! आवडू त्याच्या पाया पडली, पण त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी रापण ओढताना त्याच्याच लेकीला, मंजुळेला, झार डसला. गळा, हात लालभडक झाले. श्वास लागला. तांडेल धावत आवडूच्या दारात आला. "आवडू, काय पण कर गं!"

खोटं कशाला सांगू? आवडूच्या मनात आलं, मरू दे, यालाही कळू दे! मग तिची तिलाच लाज वाटली. ती महाराजांकडे धावली.

"महाराज, एक पान उरलं नाय. आणि माझं मन पन वाईट झालंय."

महाराज म्हणाले, "वाईट असतं तर धावत आली असतीस का? जा बाई, आपल्या लेकीकडे माग."

ती टेकाडावर गेली. काय सांगावं! सकाळी जिथे नुसती राख होती, तिथे वेल हिरवीगार पसरली होती. आवडूचा हात पुढे होईना. "बाय माझी, देतेस ना गं?" म्हणत, रडत रडत तिने पानं खुडली आणि त्यांचा रस मंजुळेला लावला.

दिवस कलताना मंजुळेचा श्वास नीट चालू लागला. तांडेल महाराजांच्या पायांवर कोसळला. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्याकडे काय आलास? ज्या बाळाचं पांघरूण जाळलंस, त्याच्यापुढे वाक."

त्याने टेकाडावर जाऊन वाळूत कपाळ टेकलं. आवडू शेजारी बसून राहिली. मग म्हणाली, "उठा तांडेल. तुमची पोर घरी वाट बघतेय."