नऊ दिवसांचं मौन

"तिचं नाव यादीत होतं ना, भन्ते? नावापुढचा दिवा हिरवा होता ना? मग ती आत नव्हती असं कसं म्हणता?"

प्रज्योत घोडेस्वार विहाराच्या ओसरीवर लॅपटॉप उघडून बसला होता. समोर भन्ते विनयबोधी दोडक्याच्या शिरा काढत होते.

पावसाळ्यातल्या वर्षावासात भिक्खू विहार सोडत नाहीत. म्हणून दोन वर्षांपूर्वी प्रज्योतनं मोबाइलवरची एक खोली बांधून दिली होती. रोज सायंकाळी सातला एकेचाळीस गावांतले एकेचाळीस उपासक तिथं जमत, भन्ते बोलत, लोक प्रश्न विचारत. दहा दिवसांपूर्वी प्रज्योतनं नागपुरात बसून त्या खोलीचा आवाज सुधारला होता. आज तो मुद्दाम आला होता. आवाज कसा वाटतो, हे भन्त्यांच्या तोंडून ऐकायला.

भन्त्यांनी त्याला एकच गोष्ट सांगितली होती. सावरटोल्याच्या गिरजाबाई वाळके नऊ दिवस खोलीत बोलत होत्या आणि त्यांचा एक शब्दही कोणाला ऐकू आला नव्हता.

"आत होती," भन्ते म्हणाले. "आवाज कुठं होता?"

"सर्व्हरपर्यंत येत होता. नोंद आहे."

"मग?"

"आवाज जसाच्या तसा जात नाही, भन्ते. फोन त्याची घडी घालतो, पलीकडचा फोन ती उलगडतो. घडी घालायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. मी नवा कोडेक लावला. तिचा फोन जुना. तिची घडी आता इतरांना उलगडत नाही, इतरांची तिला."

"जुनी पद्धत का काढलीस?"

"चाळीस जणांना नवी येते. एकीला येत नाही. सर्व्हर टक्केवारी बघतो."

"तिला सांगितलं होतं?"

"सर्व्हर सांगतो ना. आत येताना पडद्यावर एक ओळ येते."

"कोणत्या भाषेत?"

"इंग्रजीत," प्रज्योत म्हणाला.

भन्त्यांनी पुढचा दोडका उचलला.

"तिचा दिवा रोज लुकलुकायचा, कोणी बोलताना लुकलुकतो तसा," थोड्या वेळानं प्रज्योत म्हणाला. "मी पाहिला होता. मला वाटलं, चुकून बटण दाबलं जातंय."

"ती मागं आहे. स्वयंपाकघरात. सकाळच्या गाडीनं आली."

"तक्रार घेऊन?"

"जा. विचार."

गिरजाबाई चुलीपुढं बसून तांदूळ निवडत होत्या. साठीच्या पुढच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. त्यांनी आधी हात पुसले, मग जोडले.

"जय भीम, बाबू. तूच तो खोलीवाला?"

"जय भीम, आजी. हो, मीच."

"लई उपकार झाले तुमचे सगळ्यायचे. आमचे मालक, देवाजी, गेले ना, त्या सांजेले मी खोलीत सांगतलं. नाल्याले पूर होता, कोनाले येता येत नव्हतं. मनलं, येथंच सांगाव. मी बोल्ली, अन् सगळी खोली चूप झाली. भन्ते पन चूप."

प्रज्योत उंबऱ्यावर टेकला.

"दुसऱ्या दिवशी पन चूप. तिसऱ्या दिवशी पन. मग मले समजलं. देवाजीसाठी मौन धरलं तुमी. मी रोज थोडं थोडं बोलत गेली. ते कसे आजारी पडले, काय खायाले मागे, शेवटी कोनाचं नाव घेतलं. कोनी मधात बोल्लं नाही. एकानं पन नाही. नऊ दिवस कोन आयकते, बाबू, कोनाचं?"

त्या पुन्हा तांदळाकडं वळल्या.

"मनून आली. पुरे झालं आता. सांगा समद्याले, बोला म्हनाव."

प्रज्योत ओसरीवर परत आला. लॅपटॉप मिटून ठेवला, पुन्हा उघडला.

"भन्ते, तिला खरं सांगू?"

"पंचशीलातलं चौथं शील कोणतं?"

"खोटं बोलणार नाही."

"मग सांग."

प्रज्योत उठला. दारापर्यंत गेला आणि थांबला.

"पण ती कोसळेल."

"पहिलं शील कोणतं?"

"जिवाला इजा करणार नाही."

"मग नको सांगू."

"भन्ते... मी काय करू?"

भन्त्यांनी दोडक्याच्या शिरा गोळा केल्या आणि गाईला घालायला निघून गेले.

प्रज्योत बराच वेळ दारात उभा राहिला. मग आत गेला आणि चुलीपाशी जमिनीवर बसला.

"आजी, आम्ही मौन धरलं नव्हतं. आम्ही बोलत होतो. तुमचा आवाज आमच्यापर्यंत आला नाही, आमचा तुमच्यापर्यंत आला नाही. मी खोलीत बदल केला होता. तुमच्या फोनचा विचार मी केला नाही."

गिरजाबाईंचा हात तांदळात तसाच राहिला.

"म्हंजे देवाजी गेले, हे कोनालेच नाही मालूम?"

"नाही."

"मंग माह्यासंग नऊ दिवस कोन चूप बसलं होतं?"

त्या रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. प्रज्योतनं पुढं होऊन त्यांच्यापुढचं सूप थोडं आपल्याकडं ओढलं आणि तोही खडे शोधू लागला.

दुपारी त्यानं सर्व्हर जुन्या कोडेकवर नेला. आवाज पुन्हा खरखरीत झाला. गिरजाबाईंनी आपल्या फोनमध्ये "हालो" म्हटलं आणि ते लॅपटॉपमधून बाहेर आलं. त्यांनी मान हलवली. हसल्या नाहीत.

सातला एकेचाळीस नावं जमली. गिरजाबाई भन्त्यांशेजारी आपला फोन घेऊन बसल्या.

भन्ते म्हणाले, "सावरटोल्याचे देवाजी वाळके गेले."

मग ते गप्प झाले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. कोणीतरी खरखरत्या आवाजात विचारलं, "भन्ते, आवाज येत नाही. बंद पडलं का?" प्रज्योतचा हात लॅपटॉपकडं गेला. भन्त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

पुन्हा कोणी विचारलं नाही. एकही नाव यादीतून गेलं नाही. गिरजाबाईंनी एकदा पदर डोळ्यांना लावला, मग मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या.

तासाभरानं त्याच म्हणाल्या, "पुरे."

लोक एकेक करून बोलू लागले. देवाजींविषयी कोणाला काय आठवतं ते. खोली बंद झाली, गिरजाबाई आत गेल्या, तरी प्रज्योत पडद्याकडं बघत होता.

"भन्ते, मी नोंदी जुळवून पाहिल्या. नऊ दिवस तिच्या फोनमध्ये काही उमटलं नाही. आज त्या एका प्रश्नानंतर काही उमटलं नाही. दोन्ही सारख्याच दिसतात. खरी शांतता कोणती, खोटी कोणती, हे ओळखायचं कसं?"

भन्ते भिंतीला धरून सावकाश उठले.

"आज तासभर बसून तुझ्या पायाला मुंग्या आल्या का?"