वैद्यांच्या पायरीवरचा माणूस

एका डोंगरातल्या गावात एक वैद्य राहत होते. माणूस असो की गुरंढोरं, त्यांच्या औषधाने गुण येई. म्हणून लांबलांबून लोक येत.

फाटकावर एक पहारेकरी असे. रिकामटेकड्यांना तो तिथूनच परत पाठवी आणि गरजूंना आत सोडी. त्याची गाठ जातानाच पडे, येताना नाही.

वैद्यांच्या खोलीच्या पायरीवर मात्र एक लाजाळू माणूस बसे. त्याची गाठ दोनदा पडे. जाताना तो विचारी, "औषध पोटात घ्यायचं, की वरून लावायचं?" पोटात घ्यायचं असेल तर तो मनगटाला पांढरा दोरा बांधी, लावायचं असेल तर काळा. दोरा पाहिला की वैद्यांना पुन्हा विचारावं लागत नसे. आत गेलेला परत आला की तो त्याची पुडी उघडून वास घेई, दोऱ्याशी ताडून पाही, आणि मगच त्याला पायरी उतरू देई. एक बाहेर आल्याशिवाय दुसऱ्याला आत पाठवत नसे.

एके दिवशी गावातलाच एक कुंभार आला. त्याच्या लेकीला खोकल्याने झोप नव्हती. पांढरा दोरा बांधून तो आत गेला, तेवढ्यात एक गाडीवान घाईघाईने आला. त्याच्या बैलाचा खूर चिघळला होता.

"जरा थांबा, आत माणूस आहे," लाजाळू माणूस म्हणाला.

"माझा बैल थांबेल का? बांध तुझा दोरा आणि सोड!" काळा दोरा बांधून होतो न होतो तोच गाडीवान आत घुसला.

थोड्या वेळाने दोघे एकदमच बाहेर आले. दोघांच्या हातात पळसाच्या पानाची सारखीच पुडी. लाजाळू माणसाने हात पुढे केला.

"आता काय?" गाडीवान खेकसला. "जाताना अडवलंस, ते चाललं. येतानाही अडवणार? वैद्यांनी दिलेलं औषध तू तपासणार? गुरूपेक्षा चेला शहाणा!"

पायरीखाली बसलेले लोक खो खो हसले. लाजाळू माणसाचे कान तापले. त्याने हात मागे घेतला. "जा," तो पुटपुटला.

दोघे गेले. पण त्याचं मन काही केल्या लागेना. दोघे एकाच वेळी आत होते. वैद्यांनी पुड्या शेजारी शेजारी ठेवल्या असतील तर? खुराला लावायची पूड पोटात गेली तर विषच. उलट, खोकल्याचं औषध खुराला लागलं तर फार तर माश्या बसतील. म्हणजे आधी कुंभाराचं घर!

तो उठला आणि पळत सुटला. ज्याने जन्मात कधी आवाज चढवला नव्हता, तो भर रस्त्यात ओरडत होता, "पाजू नका! पाजू नका!"

कुंभारीण मधात पूड कालवून वाटी लेकीच्या तोंडाशी नेत होती. हाक ऐकून तिचा हात थबकला. लाजाळू माणसाने धापा टाकत वाटी हिसकावली आणि वास घेतला. उग्र, नाकाला झोंबणारा वास.

"ही बैलाची आहे, वहिनी. लेकीने घेतली तर नाही ना?"

"थेंबसुद्धा नाही, भाऊ," म्हणत कुंभारणीने लेकीला घट्ट पोटाशी धरलं. साऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

"मग माझं औषध कुठंय?" लेकीने खोकत खोकत विचारलं.

तिचं औषध गाडीवानाच्या गोठ्यात सापडलं. त्यात ज्येष्ठमध होतं. बैल मोठ्या आवडीने खूर चाटत होता आणि गाडीवान डोक्याला हात लावून पाहत होता. काय होता होता टळलं हे ऐकताच उरलेली पूड घेऊन तो स्वतःच कुंभाराच्या घराकडे धावला.

संध्याकाळी लाजाळू माणसाने वैद्यांपुढे मान खाली घातली. "मी हसण्याला भ्यालो."

"माझं निदान चुकलं नव्हतं," वैद्य म्हणाले, "पुड्याही बरोबर बांधल्या होत्या. घोटाळा झाला तो मी पाठ वळवल्यावर, त्यांनी घाईत एकमेकांच्या पुड्या उचलल्या तेव्हा. तिथे मला दिसत नाही रे बाबा. तिथे तूच आहेस. उद्या पुन्हा हसले तर?"

"हसू देत," तो हळूच म्हणाला. "पुडी पाहिल्याशिवाय कुणी पायरी उतरणार नाही."

दुसऱ्या दिवशी वैद्यांनी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. ते निवांतपणे औषध कुटत बसले.

तात्पर्य: वैद्याची पायरी असो की संगणकावरचं संकेतस्थळ, मध्ये बसणाऱ्या माणसाचं वा प्रोग्रामचं काम आत जाणारी विनंती पुढे धाडली म्हणून संपत नाही, उत्तर सुखरूप बाहेर पडेपर्यंत ते त्याचंच असतं.