हरणांनी सोडलेलं

लहानथोर हो, ऐका. कोणाच्या पणजोबांनाही आठवत नाही इतक्या जुन्या काळी रानाच्या कडेला एक गाव होतं. गावाबाहेर वनदेवीचं देऊळ होतं आणि देवळाभोवती फुलबाग. ती राखायचा एक म्हातारा माळी, आणि त्याच्या हाताखाली त्याची सून.

बागेत गुलाब, शेवंती आणि जास्वंद एवढंच लावायचं, हा गावाचा नेम. येऊन ते फस्त करायचं, हा हरणांचा नेम. रोज सकाळी माळी उरलेले बुडखे बघून कपाळाला हात लावायचा. मग खुरपं घेऊन आपोआप उगवलेलं सगळं तण उपटून टाकायचा, म्हणजे नव्या गुलाबांना जागा व्हावी.

गावानं कुंपण हातभर वाढवलं, हरणांनी उडी हातभर वाढवली. शेवटी पंच बसले. ठरलं, की बागेभोवती खड्डे खणायचे आणि त्यांत टोकदार बांबू रोवायचे.

सुनेनं ते ऐकलं मात्र, तिच्या डोळ्यांपुढे कालची हरिणी उभी राहिली. तिच्या पोटाशी एक पाडस होतं, धड पळताही न येणारं.

"मामंजी, तुम्ही खणणार ते खड्डे?"

"पंचांचा शब्द आहे, पोरी. मला का हौस आहे?"

"चाळीस वर्षं बागेत आहात. हरणं काय खातात, सांगा बरं."

"गुलाब, शेवंती, जास्वंद. झोपेतही सांगेन."

"आणि काय खात नाहीत?"

म्हाताऱ्याची नजर उपटलेल्या ढिगाकडे गेली. त्यात सदाफुली होती, अडुळसा होता, कण्हेरीची रोपं होती. एकाही पानाला दात लागलेला नव्हता.

"अरे देवा," तो पुटपुटला, "हरणांनी सोडलेलं ते मीच उपटत आलो की!"

सून तडक पंचांपुढे उभी राहिली. "नवरात्रापर्यंत बाग माझ्यावर सोडा. देवीच्या फुलांच्या परड्या भरल्या नाहीत, तर खड्डे मी स्वतः खणीन."

"देवीला सदाफुली वाहणार? रानटी फूल?" थोरले पंच गरजले.

"देवी वनाचीच ना, आबा? मग तिला रानाचा विटाळ कसला?"

"जीभ बघा हिची!"

"जिभेचं सोडा, बागेचं बोला."

तेव्हा म्हातारा माळी पुढे आला. "माझ्या हातून चाळीस वर्षांत एकदाही परडी भरली नाही. तिला चार महिने द्या." पंचांना नाही म्हणवेना.

सुनेनं कडेनं कण्हेर लावली, तिच्या आत अडुळसा, मग सदाफुलीचे ताटवे. गुलाब चारच, अगदी देवळाच्या पायरीशी.

श्रावणात पावसानं ओढ दिली. रान वाळलं आणि एके सकाळी अडुळशाचे शेंडे खुडलेले दिसले. आबा काठी टेकत आले. "खाल्लं की गं! कुठं गेली तुझी अक्कल?"

खड्डे, बांबू, पाडस, सगळं सुनेच्या डोळ्यांपुढे फिरलं. तिनं वाकून एकेक झाड नीट पाहिलं, मग म्हणाली, "उपाशी जीव कडूसुद्धा गिळतो, आबा. शेंडे गेलेत, बाग उभी आहे."

पाऊस परतला, शेंडे फुटले. नवरात्राच्या पहिल्या पहाटे तीच हरिणी पाडसाला घेऊन आली. तिनं कण्हेर हुंगली, नाक फुरफुरवलं आणि रानात वळली. त्या दिवशी देवीपुढे आठ परड्या ठेवल्या गेल्या, गुलाबी आणि पांढऱ्या फुलांनी काठोकाठ. खड्ड्यांचं नाव कोणी काढलं नाही.

आबा मात्र रेंगाळले. "पोरी, माझ्या परसातही हरणं शिरतात. चार रोपं देशील?"

"देईन की. पण आधी बघून या, तुमच्या परसात ती काय सोडून जातात."

दुसऱ्या दिवशी पहाटे आबा परसात उकिडवे बसलेले लोकांनी पाहिले.

बोध असा: गेलेल्याचा नुसता शोक करणारा दरसाल तेच गमावतो; उरलेलं का उरलं हे पाहणारा आपली बागही राखतो आणि दुसऱ्याचा जीवही.