घंटेवरचा हात

कासरवणच्या खडकाईच्या देवळात शिरताना डोक्यावर जी काशाची घंटा दिसते, तिच्या अंगावर माणसाच्या उजव्या हाताचा ठसा आहे. तो कोरलेला नाही. ओल्या मातीत पाऊल रुतावे तसा धातूत रुतलेला आहे. नवखे यात्रेकरू तो देवीचा हात समजून त्याला कुंकू लावू जातात. तेव्हा सभामंडपाच्या खांबाला टेकून बसलेले वृद्ध अनाजी गुरव त्यांना थांबवतात.

"थांबा, बाई. देवीचा नव्हे तो. हेवा करणाऱ्या माणसाचा हात आहे."

कुंकवाची चिमूट बोटांतच राहते आणि अनाजी सांगू लागतात.

फार पूर्वी या गावात धातू ओतणारे घर एकच होते, सटवाजी ओताऱ्याचे. देवीच्या समया, पालखीचा कळस, घरोघरची पातेली, सारे त्याच्या भट्टीतून निघे. एका वर्षी खाडीत परमुलखाचे गलबत लागले. दूर दक्षिणेच्या किनाऱ्यावर एक राज्य बुडाले होते, आणि तिथली काही ओतारी कुटुंबे आश्रय शोधत इथवर आली होती, असे सांगतात. त्यांचा म्होरक्या वेलप्पा. गावाने त्यांना सटवाजीच्या घरासमोरची पडीक जागा दिली. त्यांची भट्टी पेटवायला निखारे दिले ते सटवाजीनेच. पाहुणे भुकेले होते तोवर त्याला त्यांची कणव आली. ते पोटभर जेवू लागले, तेव्हा ती आटली.

वेलप्पाची रीत निराळी होती. तो आधी मेणाची घंटा घडवी, तिच्यावर माती लिंपी, मेण वितळवून काढी आणि उरलेल्या पोकळीत धातूचा रस ओती. त्या घंटेचा नाद खाडीपलीकडे जाई. घंटांसाठी दूरदूरची गलबते बंदराला लागू लागली. कोळसा पाडणाऱ्यांना काम मिळाले. रानातले लोक मध काढून पोळी फेकून देत असत, त्या पोळ्यांतल्या मेणाला गिऱ्हाईक आले. घंटा न्यायला आलेले व्यापारी जाताजाता सटवाजीची पातेलीही उचलीत. त्याची कणगी कधी नव्हती इतकी भरली. पण तिच्याकडे पाहताना त्याच्या मनात येई, हे त्यांच्या घंटेमागून आलेले उष्टे आहे.

घरातले दुखणे याहून वाईट. त्याची पत्नी भागू समोरच्या बायकांकडून ठिपक्यांची रांगोळी शिकली, तांदूळ आणि उडीद वाटून आंबवायला शिकली, आणि कांडताना त्यांचे गाणेही गुणगुणू लागली.

"अगो, आपली गाणी संपली काय?" सटवाजीने एकदा विचारले.

"संपतील कशाला? त्यांत एकाची भर पडली," भागू म्हणाली. "आणि त्यांच्या पिठाचे घावन मागून मागून खाता, तेव्हा नाही ते विचारत!"

बोलणे खरे होते, म्हणून ते अधिक लागले.

इथे अनाजी शब्द तोलून वापरतात. हेवा करणारा स्वतःला दुसऱ्याशी मोजत बसतो; मत्सरी माणूस दुसऱ्याचे वाईट चिंततो. सटवाजीच्या मनात आधी हेवाच होता, म्हणे. देवीची जुनी घंटा तडकली आणि त्या हेव्याचा मत्सर झाला.

जुनी घंटा त्याच्या वडिलांनी ओतलेली होती. नवी ओतण्याचा मान त्याच्या घराचा. गावकीने तो वेलप्पाला दिला.

"तुझी घंटा देवळापुरती वाजेल, सटवाजी," गावचे खोत म्हणाले. "त्याची समुद्रावर ऐकू जाईल. देवीचे काम आहे, मनाला लावून घेऊ नकोस."

देवळापुढे खड्डा खणून वेलप्पाने त्यात भाजलेला साचा पुरला. त्याचे तोंड तेवढे वर राहिले. ओतण्याच्या दिवशी भर दुपारी पाहुणे देवीपुढे नारळ ठेवायला आत गेले असता सटवाजीने त्या तोंडातून पाणी ओतले. मातीने ते पिऊन टाकले. वरून काही दिसेना. ओल्या साच्यात रस पडला की पाण्याची वाफ होते, साचा फुटतो आणि रस उसळून ओतणाऱ्याला जाळतो. हे सटवाजीला पक्के ठाऊक होते.

गाव जमले. बायकांनी आपल्या जोडव्यांचे तुकडे धातू वितळवायच्या मुशीत टाकले. रस तयार झाला. वेलप्पाने चिमट्यात मूस उचलली आणि तो थेट सटवाजीपुढे येऊन उभा राहिला.

"आमची रीत, दादा," तो मोडक्या मराठीत म्हणाला. "ज्याच्या निखाऱ्यावर भट्टी पेटली, पहिली धार त्याची. तुम्ही ओता."

सटवाजीने चिमटा हातात घेतला. त्या क्षणीही त्याच्या मनात भीतीआधी हेवाच उठला: मोठेपणासुद्धा यानेच घ्यावा! जळू दे सारे, मीही जळेन, असे मनाशी म्हणत तो काठाशी गेला. तेवढ्यात अक्षता वाहायला भागू साच्याच्या तोंडाशी वाकली.

"मागे सर!" तो ओरडला. मूस खाली ठेवून त्याने साच्यावर तळहात टेकला. "साचा ओला आहे."

"कशावरून?" खोतांनी विचारले.

"पाणी मीच ओतले."

"हाकला मेल्याला खाडीपार!" गर्दीतून आवाज उठला. वेलप्पाने मूस कोरड्या वाळूत रिकामी केली. मग तो गावाकडे वळला.

"याला हाकलाल, तर उद्या माझा साचा कोण तपासेल?" तो म्हणाला. "साचा कुठे भिजतो, हे याच्याइतके कुणाला कळते?"

काहींना हसू आले. भागूला आले नाही.

भिजलेला साचा वाया गेला होता. वेलप्पाने मेणाची नवी घंटा घडवली आणि मेण मऊ असतानाच सटवाजीचा उजवा हात धरून तिच्यावर दाबला. ती शिक्षा होती की सन्मान, याबद्दल गावात दोन मते आहेत. अनाजी आपले मत देत नाहीत. नवा साचा पुरल्यावर सटवाजीने पुन्हा तळहात टेकला आणि म्हणाला, "कोरडा आहे."

"मग इथेच उभे राहा, दादा," वेलप्पा म्हणाला, आणि त्याने रस ओतला.

घंटा प्रथम वाजली तेव्हा लोकांनी सटवाजीला नाद कसा वाटला, असे विचारले. तो म्हणाला, "चांगला आहे. माझी असती, तर आणखी चांगला वाटला असता."

आजही कासरवणात ओताऱ्यांच्या दोन आळ्या समोरासमोर आहेत. कुणाच्या घंटेला मागणी अधिक, यावरून त्यांच्यात टोमणे चालतात. परंतु एका आळीत रस तयार झाला की समोरच्या आळीतला माणूस बोलावला जातो. तो साच्यावर हात ठेवतो, "कोरडा आहे" म्हणतो आणि धार संपेपर्यंत खड्ड्याच्या काठावरून हलत नाही. त्याच्या तोंडावर हेवा दिसला, तरी त्याला कुणी दोष देत नाही. त्याचे पाय काठावरच आहेत ना, तेवढे सर्वजण पाहून घेतात.